अनुभव धागा: संख्याशास्त्र शाळेत सगळ्यांना सक्तीचं हवं का?

रानजाई
लेकीचं दहावीचं वर्ष आहे. काल बीजगणितातला शेवटचा धडा, सांख्यिकी, घेऊन बसली होती. वर्गमध्य, गृहीतमध्य, विचलन, सगळं तोंडपाठ. उत्तर आलं की पुढचं गणित. मी विचारलं, "मध्य, म्हणजे सरासरी, ३४० आली, तर गणितातल्या त्या कामगारांबद्दल काय कळलं गं?" तर म्हणे, "आई, ते विचारत नाहीत."

त्यावरून आमचे सर आठवले. जिल्हा परिषदेची शाळा, नववीचा वर्ग. सरांनी प्रत्येकाला घर ते शाळा किती चालावं लागतं ते लिहून आणायला सांगितलं होतं. फळ्यावर ताळ्याच्या खुणा केल्या, सरासरी काढली. आकडा अगदी छोटा आला, कारण निम्मा वर्ग शाळेच्या आसपासच राहायचा. मग सरांनी वाडीवरून येणाऱ्या मुलींना उभं केलं आणि विचारलं, "हा सरासरीचा आकडा ग्रामसभेत सांगितला तर ह्यांच्या सायकलींचं कोणी बोलेल का?" नंतर मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधला, काढला, तो तर आणखी छोटा. शेवटी लांबच्या मुलींची यादी वेगळी केली आणि तीच कागदावर लिहून सरपंचांकडे नेली. सायकली आल्या की नाही ते आठवत नाही, पण सरासरीत कोण दिसेनासं होतं हे त्या दिवशी कळलं ते आजतागायत विसरले नाही.

आता आर्ट्सला गेलेल्या मुलाचं गणित दहावीलाच सुटतं. मला वाटतं अकरावी-बारावीला सगळ्या शाखांना संख्याशास्त्र सक्तीचं असावं. तुमचे अनुभव लिहा. शाळेतले, नोकरीतले, घरातले, कुठलेही.

चिंचगूळ
सर भारी होते! लेकीला शुभेच्छा. बहुलकाचं (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) सूत्र मला अजून पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा.

पाटीपेन्सिल
सक्ती नको असं कळकळीने सांगते. मी नववी-दहावीला गणित शिकवते. सक्तीचा आणखी एक पेपर म्हणजे आणखी एक गाईड आणि आणखी एक क्लास. ज्या घरात क्लासची फी परवडत नाही त्या घरातलं मूल पुन्हा मागे. संभाव्यता आणि सांख्यिकी हे पुस्तकातले शेवटचे दोन धडे. तिथे पोचेपर्यंत पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असते, मग सूत्र लिहा, सारणी भरा, गुण घ्या. हेच धडे जूनमध्ये घेतले आणि मुलांना स्वतःची माहिती गोळा करायला लावली तर नवा विषय लागणारच नाही. मी एका वर्षी पटावरच्या मुलांचा पाणी भरायला रोज किती वेळ जातो ते लिहून घेतलं होतं. मुली आणि मुलं असे दोन वेगळे आयतालेख, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे आलेख, काढले. वर्गात कोणी काही बोलेना.

रानजाई
@पाटीपेन्सिल ताई, हे सविस्तर लिहा ना प्लीज.

पाटीपेन्सिल
लिहिते रात्री. आत्ता पेपर तपासतेय.

सोयाबीनवाला
लातूरकडचा आहे. पीकविमा ज्याला समजून घ्यायचाय त्याला सरासरी यावीच लागते. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ धरून सरासरी, तिला जोखीमस्तराने, म्हणजे विम्यात ठरलेल्या टक्क्याने, गुणायचं, आमच्याकडे ७० टक्के. ते झालं उंबरठा उत्पादन. यंदाचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. आणि यंदाचं उत्पादन म्हणजे माझ्या रानाचं नाही, अख्ख्या महसूल मंडळाचं, तेही थोड्या रानांत पीक कापणी प्रयोग करून, म्हणजे मोजून आखलेल्या तुकड्यातलं पीक कापून आणि वजन करून काढलेलं. माझं गेलं, मंडळाचं टिकलं, तर हात रिकामे. बारावी झालेल्या पोरांपैकी गावात हे कोणी समजावून सांगू शकत नाही. पावसाचं तेच. मंडळात सरासरीच्या १०० टक्के पाऊस म्हणे, पण मधे ३ आठवडे खंड पडला ते त्या आकड्यात कुठंय? शेंगा भरायच्या टायमाला पाणी नव्हतं. सक्तीचं करा, आर्ट्सलाच आधी करा, आमच्याकडची निम्मी पोरं तिकडंच जातात.

शिळंपाकं
@सोयाबीनवाला दादा, वाईट वाटलं वाचून. यंदा कसं आहे?

सोयाबीनवाला
बरंय यंदा. तुरीवर आशा आहे.

कृष्णाकाठ
पीक कापणी प्रयोगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ही पद्धत बसवणाऱ्यांत आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. कापायचा तुकडा किती मोठा घ्यावा यावर त्यांचा आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला होता. महालनोबिस लहान तुकड्याच्या बाजूचे. सुखात्मे म्हणत, लहान तुकड्यात कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. म्हणजे तुकड्याच्या कडेची चार ताटं आत की बाहेर, ह्याने जिल्ह्याचा आकडा हलतो! पुढे सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि नंतर पुण्यात पोषणावर काम केलं. २९ जून, महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळांनी मुलांना पीक कापणी बघायला नेता येणार नाही, जूनमध्ये पेरणी असते, पण ऑक्टोबरात नक्की नेता येईल. भाषणापेक्षा ते कितीतरी चांगलं.

ओटीभरण
मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) खाली असेल तर मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, उणे २ ते उणे ३ मध्ये मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. आम्ही वजन-उंची भरतो, मोबाईल रंग दाखवतो. एसडी म्हणजे काय हे माझ्या सेविकांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. कारण सोपं आहे, त्यांना कोणी शिकवलंच नाही. मग आई विचारते, शेजारणीचं पोरगंपण बारीकच आहे, माझ्याच बाळाला लाल का? सेविकेला उत्तर देता येत नाही, आईला राग येतो, बाळ पुढच्या महिन्यात येत नाही. मी आता बैठकीत सगळ्या सेविकांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करते. मधे गर्दी कुठे, टोकाला किती कमी जणी, ते दिसतं. मग एसडी समजतो. हे शाळेत झालं असतं तर?

तेंदूपान
@ओटीभरण ताई, दंडवत. गडचिरोलीत सर्च या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले तेव्हा ३९ गावांत घरोघरी काम केलं आणि तुलनेसाठी ४७ गावं वेगळी मोजली. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ती वेगळी मोजलेली गावं नसती तर कोणी म्हणालं असतं, मृत्यू तसेही कमी होतच होते. बाळं जपणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या गावातल्याच बायका होत्या. संख्याशास्त्र अवघड आहे म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो.

मोगरा७
पर्सेंटाईल!!! माझ्या भाच्याला सीईटीला ८८ पर्सेंटाईल. घरात मोठ्यांनी ऐकलं ८८ टक्के, पेढे वाटले. मग कॉलेजं मिळेनात तर पोराला बोलणी. ८८ पर्सेंटाईल म्हणजे त्याच्या सत्रात बसलेल्या शंभरांतल्या ८८ जणांना त्याच्याइतके किंवा कमी गुण. त्याचे स्वतःचे गुण किती ते ह्यात नाहीच. मी फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा पोरगं रडायला लागलं, की मावशी हे आधी बाबांना सांग.

चिंचगूळ
अगं बाई, बिचारा. आता कुठे आहे?

मोगरा७
डिप्लोमाला, कोल्हापुरात. मजेत आहे.

किवीतली_कांचन
न्यूझीलंडला अभ्यासक्रमात विषयाचं नावच 'गणित आणि संख्याशास्त्र' आहे, पहिलीपासून. शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्र वेगळं घेता येतं. मुलगा शाळेतून दप्तराचं वजन, झोपेचे तास असली माहिती भरून आणतो आणि मग आम्हाला प्रश्न विचारत सुटतो. त्याचा आवडता प्रश्न: "किती जणांना विचारलं?" आजी म्हणाली, सगळे म्हणतात हळदीने सर्दी जाते. झालं सुरू.

शिळंपाकं
हाहा, आजी काय म्हणाल्या?

किवीतली_कांचन
"मला विचारलं, पुरे." आणि दूध प्यायला लावलं.

कृष्णाकाठ
@रानजाई, एक भर. आर्ट्सला अर्थशास्त्र घेतलं तर अकरावीला विभाजन मूल्यं (मध्यकासारखे, माहितीचे समान भाग पाडणारे आकडे) आणि बारावीला निर्देशांक (भाव वगैरे किती बदलले ते मोजणारे आकडे) असतात. म्हणजे थोडं आहे, पण अर्थशास्त्र न घेणाऱ्याला काहीच नाही.

रानजाई
हो, त्यांच्याबद्दलच म्हणत होते. आणि @पाटीपेन्सिल ताई, क्लासच्या फीचा मुद्दा मनाला लागला. पेपर न ठेवता फक्त प्रकल्प ठेवला तर चालेल का?

पाटीपेन्सिल
प्रकल्प दुकानात तयार मिळतात हो. वर्गात, सरांसमोर, गावातली माहिती घेऊन केलेला असेल तर दोन्ही हात वर करून हो.

बाजारहाट
धागा चांगला चाललाय, मधे एक विचारतो. मुलगा कॉमर्सला जातोय, गणित घ्यावं की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? एसपीला गुण पडतात म्हणतात सगळे.

मोगरा७
गणित झेपत असेल तर तेच. तिथे विषय 'गणित आणि संख्याशास्त्र' असतो, विमा, निर्देशांक, संभाव्यता सगळं येतं. पण त्यालाच विचारा आधी.

बाजारहाट
विचारतो. क्रिकेटहून आला की.