‘एअर शॉवर’ : वर्षाव की सडा?

वैनगंगा : नागपुरात आठवी-नववीच्या मुलांसाठी तक्ते करतेय. विषय शर्मिष्ठा तारकासमूहातला एलएस आय +61 303 हा जोडतारा. मोठ्या ताऱ्याभोवती छोटा, अतिघन सोबती 26.5 दिवसांत फेरी मारतो. 2006 मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीने त्याचे गॅमा किरण (प्रचंड ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टिपल्याचं जाहीर झालं, तेही दोघं जवळ असताना नव्हे, लांब गेल्यावर!

अडलंय ‘एअर शॉवर’पाशी, म्हणजे एक गॅमा किरण हवेत आदळून त्यातून जे असंख्य कण खाली सुटतात, त्याला मराठीत काय म्हणावं? मी ‘कणवर्षाव’ लिहिलं. आई म्हणाली, "वर्षाव अक्षतांचा होतो, दहा जण टाकतात. तू तर म्हणतेस, वरून एकच किरण येतो. मग सडा म्हण." मी तसं केलं, तर तक्ते तपासणाऱ्या सरांनी ‘ग्राम्य’ म्हणून खोडलं.

शनिवारातला : ग्राम्य नाही, पण चूक आहे ताई. सडा म्हणजे पडून झालेलं. प्राजक्ताचा सडा. ही तर घडत असलेली क्रिया आहे. ‘कणवर्षाव’च ठेवा.

महाल : पडून झालेलं कसं? आमच्या आजीचा सडा आठवतो. बादलीतलं शेणपाणी ओंजळीत घ्यायची, मनगट फिरवायची. हातातून सुटताना पाण्याचा एकच पट्टा, अंगणाला लागेपर्यंत त्याचे शेकडो थेंब. इथं तेच होतं ना? गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाही. कित्येक किलोमीटर उंचावरच हवेत आदळतो, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जुळा) अशी जोडी होते, त्यातून पुन्हा गॅमा, पुन्हा जोड्या. हवेत प्रकाशाचा जो वेग, त्याहून हे कण जोरात धावतात म्हणून निळा चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. काही नॅनोसेकंदच, पण जमिनीवर सुमारे 120 मीटर त्रिज्येत पसरतो. दुर्बीण तो टिपते. लडाखात हानलेची 21 मीटर व्यासाची ‘मेस’ (MACE) दुर्बीणही हेच करते. यापेक्षा चांगला सडा कोणता?

जुनी पोथी : ‘छटा’वरून ‘सडा’ आला असावा. छुरीची सुरी होते तसं. म्हणजे शब्द संस्कृतातलाच, सरांना सांगा.

शनिवारातला : ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. आणि शब्द संस्कृतातून आला तरच चांगला, हे कुठून काढलं?

अंबाझरी : मला ‘जोडतारा’च खटकतो. ‘जुळे तारे’ का नको?

वैनगंगा : काका, जुळे म्हटलं की मुलं सारखे दोन समजतात. इथं एक महाकाय, दुसरा बहुधा न्यूट्रॉन तारा.

अंबाझरी : मग लग्नात दाखवतो ते वसिष्ठ-अरुंधती? तीही जोडीच.

जुनी पोथी : नुसत्या डोळ्यांना ती दोघं. दुर्बिणीतून बघा, वसिष्ठ स्वतःच दोन दिसतो. त्याला काय म्हणाल?

शनिवारातला : युग्मतारा.

महाल : आठवीच्या पोराला ‘युग्म’ समजावण्यातच तास जाईल, भाऊ. आणि सड्याचं राहिलंच. तुमच्याकडे सडा घालतात की शिंपतात? आमच्याकडे टाकतात.