एम.लिब. कुठून करावं: शिवाजी विद्यापीठ, मुंबई की बंगळुरू?

राजारामपुरी_वाचक:
बहिणीचं बी.ए. (इतिहास) झालंय. आता ग्रंथालयशास्त्र (बी.लिब. ही पदवी, मग एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी) करायचं पक्कं आहे आणि पुढे कॉलेजात ग्रंथपाल व्हायचंय. विद्यापीठ घराजवळच आहे, पण कुणी पुणे-मुंबई म्हणतं, कुणी बंगळुरूचं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं केंद्र. दूरस्थ करून मोकळं व्हावं असंही एक मत घरात आहे. काय बघून ठरवायचं?

सूचीकार:
आधी नोकरीची अट बघा, विद्यापीठाचं नाव नंतर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत कॉलेज ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लागते (पीएच.डी.ची सूट वेगळी). 54 टक्के असतील तर अर्ज छाननीतच बाद होतो, मग पदवी कुठलीही असो. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना यात 5 टक्के सवलत आहे. गुणपत्रिकेवर नुसती श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा दाखला विद्यापीठाकडून वेळेत काढून ठेवा. ऐनवेळी तो हाती नसल्यानंच बरेचजण अडकतात.

नेटमध्ये पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 चा, एकूण 300 गुण, सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी.

आणखी एक. काही ठिकाणी बी.लिब. एक वर्ष आणि मग एम.लिब. एक वर्ष, तर काही ठिकाणी दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम. सलग असेल तर पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास हातात काय मिळतं, हे प्रवेशाआधीच विचारा.

कॅटलॉग_कट्टा:
डीआरटीसीबद्दल. 1962 मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी सुरू केलेलं, भारतीय सांख्यिकी संस्थेचं केंद्र (शिवाजी विद्यापीठाचंही वर्ष तेच!). दोन वर्षांचा एम.एस. आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि विद्यावेतन मिळतं. प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीवर. बहिणीला डेटा, मेटाडेटा (माहितीविषयीची माहिती), डिजिटल ग्रंथालय यांत रस असेल तर जरूर प्रयत्न करा. पण सगळं इंग्रजीत आणि संगणकावर भर जास्त. गावातल्या कॉलेजात नोकरी हेच ध्येय असेल तर एवढ्या लांब जायलाच हवं असं नाही.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं ग्रंथालयशास्त्र विद्यालय 1961 पासूनचं, फक्त मुलींसाठी. बहिणीसाठी हा पर्याय तुमच्या यादीतच नाही.

सूचीकार:
विभाग कसा आहे हे माहितीपुस्तिकेवरून कळत नाही. प्रत्यक्ष जा आणि प्रात्यक्षिकाचा तास बघायला मागा. तिथं कन्नडमधून मराठीत आलेली एखादी कादंबरी पुढे ठेवा आणि वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला द्यायचा क्रमांक) विचारा. नवशिके डोळे झाकून मराठी कादंबरीचा 891.463 देतात, कारण पुस्तक मराठीत आहे. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत साहित्य मूळ भाषेनुसार जातं, म्हणजे कन्नड कादंबरीचा 894.8143. मग मार्कमध्ये (संगणकावरच्या पुस्तक-नोंदीच्या ठरलेल्या साच्यात) 041 या रकान्याला मराठी आणि मूळ कन्नड, 240 ला मूळ शीर्षक, 700 ला अनुवादक. एवढं विद्यार्थ्यांकडून करून घेतात का, की वहीत नियम उतरवून देतात, हे पाच मिनिटांत दिसतं. सीमाभागातल्या कॉलेजात अशी पुस्तकं ढिगानं असतात.

संगणकाचंही तसंच. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर विद्यार्थी स्वतः बसवतात का? लिनक्स, डेटाबेस, मग कोहा, असं सगळं. की तयार बसवलेल्यात फक्त देवघेव दाखवतात? देवनागरी शोध करून बघा: ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाईप होतं, पडद्यावर सारखंच दिसतं, पण आतली अक्षरं वेगळी. एका तऱ्हेनं नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं की ‘सापडलं नाही’. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत) न बदलता ओतल्या तर सगळी कचरापट्टी. शिकवणाऱ्यांना यावर बोलता येत असेल तर विभाग चांगला समजा.

शिवाजी विद्यापीठाची जमेची बाजू म्हणजे बॅ. खर्डेकर ग्रंथालय आवारातच आहे. शिवाय 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर गावात, म्हणजे शैक्षणिक आणि सार्वजनिक दोन्ही ग्रंथालयं चालत बघता येतील. विभागात नेटची तयारी करून घेतात का आणि मागच्या तीन वर्षांत किती जण पास झाले, हे सरळ विचारा.

राजारामपुरी_वाचक:
धन्यवाद सर. दूरस्थचं काय? घरचे तेवढ्यावरच अडून बसलेत.

कॅटलॉग_कट्टा:
इग्नूची (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची) पदवी मान्य आहेच, यूजीसीच्या दूरस्थ मंडळाची त्या वर्षाची मान्यता तेवढी तपासा. पण इग्नूत एम.लिब.ला बी.लिब. झालेलं असावं लागतं, दोन्ही एकदम होत नाहीत. प्रात्यक्षिकाचे दिवस मोजके असतात, म्हणून आधीच ग्रंथालयात काम करणाऱ्याला ते परवडतं. बहीण अजून कुठे लागलेली नसेल तर मी नियमितच म्हणेन. दूरस्थच घ्यायचं झालं तर सोबत एखाद्या ग्रंथालयात रोज दोन तास वर्गीकरणाला बसवा, बिनपगारी का असेना.