मदत हवी आहे: स्टार्टर नुसता 'टक' करतोय

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. गाडी जुनी, पेट्रोलवरची. आठवडाभर झाला, चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज, इंजिन फिरतच नाही. बॅटरी नवी आहे, 12.6 व्होल्ट दाखवते. चावी मारताना हेडलाइटही मंद होत नाहीत. टर्मिनल घासले, अर्थिंगची वायर आवळली, फरक शून्य. स्टार्टरवर पान्याने हलकेच ठोकलं की मात्र लगेच चालू! (परवा चोर्ला घाटात भर पावसात गाडीखाली झोपून ठोकत होतो, बायको छत्री धरून हसत होती.)

स्टार्टरच्या मोटरला आतून करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत, की सोलेनॉइडचे (चावी फिरवल्यावर स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळलेत? मेकॅनिक म्हणतो, अख्खा स्टार्टरच बदला. मला काही पटेना. बेळगावात उद्यमबाग-शहापूरकडे स्टार्टर खोलून दुरुस्त करणारा कोणी आहे का? खर्च किती येईल?