सहावा लागलाय, पूर्ण नाही: उष्टावण अक्षय तृतीयेला की थांबू?

निफाडची_सून
मुलाचा जन्म १२ नोव्हेंबरचा, पूर्ण दिवसांचा, २.९ किलो. आज पाच महिने पाच दिवस, वजन ७.१. अजून फक्त अंगावरचं दूध. घरी ३० एप्रिलला, अक्षय तृतीयेला, उष्टावण करायचं ठरतंय. मुलगा आहे, सहावा चालू आहे म्हणजे सम महिना, मामालाही सुट्टी आहे. माझी २६ आठवड्यांची रजा ४ मेला संपते, ५ तारखेपासून कामावर. सासूबाईंचं म्हणणं, त्याआधी वरचं सुरू झालं तर दिवसभर सांभाळणं सोपं जाईल.
मान नीट धरतो. उशीला टेकवून बसवला तर पाच मिनिटांत कलंडतो. ओठाला चमचा लावला की जिभेने ढकलतो.
३० एप्रिलला सुरू करू का? पहिलं काय देऊ? आणि भांडी, चमचे, यंत्र यांतलं काय घ्यावं लागेल? खर्च ८०० रुपयांच्या आत बसवायचाय. मिक्सर आणि कुकर घरात आहेत.

डोंबिवली_फास्ट
सगळ्यात आधी उंच खुर्ची घ्या. ८०० मध्ये बसणार नाही, तो आकडा वाढवा. खुर्ची घेताना पाय टेकायला फळी आहे का ते बघा, नुसते लोंबकळते पाय नकोत. पाय टेकलेले असले की कंबर स्थिर राहते आणि गिळणं सोपं होतं. पाच पट्ट्यांचा बेल्ट हवा, तीन पट्ट्यांच्यात बाळ खाली घसरतं. गादी काढून धुता येते ना, तेही बघा. शिवणीत भात अडकला की दोन दिवसांत वास मारतो.

अंगणवाडी_ताई
खुर्ची नंतर बघू, आधी महिने मोजू. “सहावा लागला” म्हणजे पाच पूर्ण झाले. जागतिक आरोग्य संघटना काय, आपलं एमसीपी कार्ड, म्हणजे सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड काय, सगळीकडे सहा महिने *पूर्ण* म्हणजे १८० दिवस धरतात. तुमच्या बाळाचे १८० दिवस ११ मेला होतात. ३० एप्रिल हा १६९वा दिवस.
मुलींच्या बाबतीत हा गोंधळ जास्त नडतो. विषम महिना म्हणून पाचव्यात उष्टावण करतात, तेव्हा बाळाचे जेमतेम चार पूर्ण झालेले असतात. सातवा लागताच करा म्हणावं, तो विषमही आहे आणि सहा पूर्णही.
तारखेइतकंच बाळाकडे बघा. थोड्या आधाराने ताठ बसलं पाहिजे, मान स्थिर हवी, चमचा आला की तोंड उघडायला हवं, आणि जीभ ढकलायची थांबलेली हवी. तुमचा अजून ढकलतोय, कलंडतोय. रात्री उठणं, मूठ चोखणं, आपल्या ताटाकडे टक लावून बघणं या भुकेच्या खुणा नव्हेत. दिवसाला सहा-आठ वेळा शू होते आणि तक्त्यावर वजनाची रेघ वर जातेय, तर दूध पुरतंय.

फ्रँकफुर्टकर
इथे जर्मनीत पाचव्या महिन्याच्या सुरुवातीच्या आधी नाही आणि सातव्याच्या सुरुवातीनंतर नाही, असं सांगतात. गाजराच्या बाटल्यांवर “चौथ्या महिन्यानंतर” असं छापलेलं असतं. त्यामुळे साडेपाचला दिलं तर काही बिघडत नाही. मान आणि बसणं जमत असेल तर द्या.

अंगणवाडी_ताई
बसणं जमत नाहीये, हे तिने लिहिलंय. आणि तिथलं इथे लावताना पाणी आणि उन्हाळा धरा. मे महिन्यात दुपारी करून ठेवलेली पेज दोन तासांत खराब होते. तिथे बाटलीवर चौथा महिना छापतात, आपल्याकडे बाळांच्या विकतच्या दूध-आहारावरच्या १९९२ च्या कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर शिशुआहार म्हणजे सहा महिन्यांनंतरचा, अशीच व्याख्या आहे.

कुडाळची_नाचणी
पहिलं म्हणजे नाचणीचं सत्त्व, दुसरं काही शोधू नका. किलोभर नाचणी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, रात्रभर भिजवा, सुती फडक्यात घट्ट बांधून टांगा. उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात. फडकं मधेमधे ओलं करा, नाहीतर वरची कोरडी पडते आणि आतली आंबते. अर्धा सेंटिमीटर मोड आले की पंख्याखाली, सावलीत दोन दिवस वाळवा. दाताखाली कट्‌कन फुटली तरच दळा, जरा ओल राहिली तर पिठाला आठ दिवसांत कुबट वास येतो. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. तीन चहाचे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. अर्ध्या वाटीला पाच-सात मिनिटं, सतत ढवळत. लोहासाठी यासारखं काही नाही.

पीठगिरणी
मोडांची पद्धत उत्तम, पण लोहाचं बरोबर नाही. नाचणीत भरपूर आहे ते कॅल्शियम, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहात बाजरी तिच्या पुढे आहे. आणि “सत्त्व” या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. वर दिलंय ते मोडांचं पीठ. दुसरं म्हणजे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात ते. त्यात चोथ्याबरोबर कोंड्यातली खनिजं फेकली जातात आणि उरतो बराचसा स्टार्च. विकत घेताना कुठलं आहे ते विचारा. पांढरंशुभ्र असेल तर दुसरं.

कुडाळची_नाचणी
साका पचायला हलका असतो, म्हणून तान्ह्यांना तोच देतात पिढ्यानपिढ्या.

पीठगिरणी
हलका आहे, मान्य. पण सहा महिन्यांनी जन्माच्या वेळचा लोहाचा साठा संपत आलेला असतो आणि अंगावरच्या दुधात लोह थोडंच असतं. वरचं अन्न सुरू करायचं मोठं कारण तेच आहे. तेव्हा पहिल्या पंधरवड्यात मसूर, बाजरी, अंड्याचा बलक यायलाच हवा. वरून लिंबाचे दोन थेंब पिळले की डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

डोंबिवली_फास्ट
मिक्सरपेक्षा वाफवून त्यातच वाटणारं यंत्र मिळतं ते घ्या. भाजी तिथेच शिजते, तिथेच वाटली जाते.

पुरणपोळी_स्पेशल
नका घेऊ. घरात पुरणयंत्र असेल ना? बारीक भोकांची जाळी लावा, मऊ शिजवलेला भात-वरण त्यातून काढा. मिक्सरमध्ये भात चिकट लगदा होतो आणि बाळ तोंडात धरून बसतं, जाळीतून काढलेला मोकळा राहतो, थोडे कण लागतात. आठव्या महिन्यात मोठी जाळी लावायची, नवव्यात हाताने कुस्करायचं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत सगळं गुळगुळीत वाटूनच दिलं तर पुढे मुलं घास चावायला त्रास देतात. बाकी स्टीलची वाटी आणि उथळ, मऊ कडेचा चमचा, बस. चोखायच्या जाळीच्या बोंड्या घेऊ नका, आत केळं अडकून बुरशी धरते.

अंगणवाडी_ताई
आता प्रमाण. दोन मोठे चमचे तांदूळ, एक मोठा चमचा मसूर किंवा मूग, दीड वाटी पाणी, कुकरला पाच शिट्ट्या. घोटून अर्धा चमचा तूप. मीठ, साखर, गूळ वर्षभर नको. चमचा तिरका केला तर ओघळून न पडता टिकला पाहिजे, इतपत घट्ट.
डाळीचं पाणी आणि भाताची पातळ पेज यांवर बाळ ठेवू नका. प्रथिनं तळाच्या डाळीत राहतात. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्याकडे २१० मिली. ते पाण्याने भरलं की दूधही कमी पितं आणि वजन अडतं.
सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन मोठे चमचे. आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीवर, दिवसाला दोन-तीनदा. आधी दूध की आधी घास हा वाद घालू नका, भुकेने रडायच्या आत द्या. नवा पदार्थ सकाळी, म्हणजे पित्त उठलं किंवा उलटी झाली तर दिवसा कळतं.

मामा_पुण्याचा
३० एप्रिलला नुसतं बोट लावा, समारंभ होऊन जाईल. फक्त चाटवताना मध नको. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आत बाळाचं आतडं ते रोखू शकत नाही. खीर गाईच्या दुधाऐवजी तांदळाच्या पिठाची पाण्यात शिजवून, कोमट झाल्यावर आईच्या दुधात सैल करा. सोन्याची अंगठी उकळत्या पाण्यातून काढा.

फ्रँकफुर्टकर
शेंगदाण्याचंही सांगा. घाबरून वर्षभर लांब ठेवतात. २०१५ मध्ये लंडनमधल्या ६४० बाळांच्या अभ्यासात, ज्यांना इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती अशांना लहानपणीच शेंगदाणा सुरू केल्यावर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी खूप कमी आढळली. भाजून, वाटून, पाण्यात सैल केलेली पेस्ट पाव चमचा. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. इसब जास्त असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पुरणपोळी_स्पेशल
आणि ठसका व अडकणं यातला फरक सासूबाईंना सांगून ठेवा. ओकारी येते, चेहरा लाल होतो, खोकल्याचा आवाज येतो, तोवर थांबायचं, बाळ स्वतः बाहेर काढतं. आवाज बंद, ओठ निळे, तर पालथं मांडीवर, डोकं खाली, पाठीवर खांद्यांच्या मधे पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब. असं आलटून पालटून, दुसऱ्याने १०८ लावायचा. न दिसणारा घास बोट घालून काढायचा नाही, तो आत सरकतो.

डोंबिवली_फास्ट
म्हणून म्हणतो, खुर्ची. ताठ बसलं की अडकायची भीती कमी.

निफाडची_सून
५ ते ११ मेचं कोणीच बोललं नाही. तोवर दिवसा काय द्यायचं?

अंगणवाडी_ताई
तुमचंच दूध. तासाला साधारण २५ ते ३० मिली धरा, नऊ तासांचं सव्वादोनशे ते पावणेतीनशे. आठवडाभर आधीपासून पहाटेच्या पाजण्यानंतर काढायला लागा. खोलीत चार तास टिकतं, पण नाशिकच्या मेमधल्या खोलीत तेवढं धरू नका, काढल्या काढल्या फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही. चार दिवस चालतं. गॅसवर गरम करायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाटलीऐवजी बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा. सासूबाईंना तीन दिवस आधी सराव करू दे, पहिल्या दिवशी आईच्या वासाशिवाय बाळं सहसा घेत नाहीत.

निफाडची_सून
सगळं वाचून ठरवलं. ३० एप्रिलला काही नाही, बोटही नाही. उष्टावण शनिवारी, १० मेला. तो १७९वा दिवस आहे, आणि १२ तारखेपर्यंत सहावाच चालू असल्याने सासूबाईंचा सम महिनाही राहतो. मामा एका दिवसासाठी येईल. शनिवार-रविवार मी घरी, पहिले दोन दिवस मीच भरवेन. तोवर बसणं आणि जीभ जमली नाही तर त्या दिवशी फक्त खीर चाटवायची आणि बाकीचं आठवडाभर पुढे.
पहिलं मसूर-भात. नाचणी मोड आणून, पण तिसऱ्या आठवड्यात. खुर्ची घेत नाही, मांडीवर बसवून पाठ पोटाला टेकवणार. पुरणयंत्र सासूबाईंचं पितळी आहे, ते कल्हई करायला दिलंय.

पुरणपोळी_स्पेशल
पितळी असेल तर लिंबाचे थेंब यंत्रातून काढल्यावर, वाटीत घाला. आंबट लागलं की कल्हई लवकर जाते.