मदत हवी आहे: प्रोसिजरआधीच बलून पंप, सही करू का?

अधीर_मन: परवा बाबांची प्रोसिजर. डॉक्टर म्हणतात, आधी मांडीतून बलून पंप टाकून ठेवू, हार्टला आधार राहील. बीपी ठीक आहे, बाबा हिंडतफिरत आहेत. मग आधीच कशाला? सकाळी सही मागतील. लवकर सांगा.

निवांत: कसली प्रोसिजर? बायपासआधीही टाकतात. ईएफ (हार्टचं पंपिंग, टक्क्यांत) किती?

अधीर_मन: अँजिओप्लास्टी हो. पंपिंग २५. लेफ्ट मेनमध्ये (हार्टच्या डाव्या बाजूच्या मुख्य शिरेत) ब्लॉक.

रानवारा: घाबरू नका. काकांना पेसमेकर बसवलाय, ठणठणीत आहेत. फक्त मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका.

निवांत: रानवारा, इथे पेसमेकरचा विषयच नाही. अधीर, लेफ्ट मेनमध्ये स्टेंट बसवताना डाव्या बाजूचा रक्तपुरवठा काही सेकंद अडतो. २५ पंपिंगचं हार्ट तेवढ्यातही ढेपाळू शकतं. हा पंप महाधमनीत राहतो. ठोका संपला की हेलियमने फुगून हार्टच्या शिरांकडे रक्त ढकलतो, पुढच्या ठोक्याआधी मिटतो.

जुनाजाणता: सरसकट गरज नसते. २०१० ची ब्रिटिश चाचणी पाहा. ३०१ रुग्ण, सगळ्यांचं हार्ट कमजोर. आधीच बलून टाकून हॉस्पिटलमधले मृत्यू किंवा अटॅक काही कमी झाले नाहीत. भावाच्या वेळी आम्ही स्टँडबायच मागितला, म्हणजे पंप तयार ठेवायचा, लागला तरच टाकायचा.

निवांत: अर्धंच सांगताय. ज्यांना टाकला नव्हता त्यांतल्या १२ टक्के लोकांना ऐनवेळी टाकावा लागला. आणि सुमारे सव्वाचार वर्षांनी पाहिलं तर बलूनवाल्या गटात मृत्यू कमी होते.

जुनाजाणता: काही तासांच्या बलूनचा परिणाम चार वर्षं? मला नाही पटत.

नवी_पालवी: बलून सोडा, इम्पेला नावाचा छोटा पंप मागा. हार्टच्या डाव्या कप्प्यातून थेट रक्त ओढून महाधमनीत सोडते.

निवांत: तिची नळी बलूनपेक्षा जाड असते, पायाच्या शिरा चांगल्या लागतात. अधीर, एओर्टिक झडप लीक आहे का? पायांचं काय?

अधीर_मन: इकोत ‘मॉडरेट एआर’ (एओर्टिक झडप मध्यम लीक) लिहिलंय. आणि थोडं चाललं की बाबांच्या पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. वयामुळेच ना?

निवांत: अहो, हे आधी सांगायचं! झडप बरीच लीक असेल तर बलून फुगल्यावर रक्त उलटं हार्टमध्ये शिरतं. आणि पोटऱ्या भरतात त्या पायाची शीर अरुंद असल्यानेही असू शकतं; तसं असेल तर नळीमुळे पाय थंड पडू शकतो. दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला, आत्ताच.

जुनाजाणता: इथे मी निवांतच्या बाजूने. फोन करा.

अधीर_मन: बोललो. पोटऱ्यांचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी पायांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), इको ते स्वतः पुन्हा बघणार. सही त्यानंतर.

निवांत: छान. पंप टाकायचा ठरलाच तर किती तास ठेवणार तेही विचारा. तोवर नळी घातलेला पाय दुमडता येत नाही, बाबांना आधीच कल्पना द्या.