पळालेल्या जवानाला चौकात गोळी? जरा दमानं घ्या

कृष्णाकाठ: काल गावच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. ‘फौजेतून पळून येणाऱ्याला भर चौकात गोळी घाला.’ खाली अंगठ्यांची रांग. अंगठेवाल्यांतले निम्मे शाळेत पीटीच्या तासालाही दांडी मारायचे.

१९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ३८ वाचा. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे शत्रूविरुद्धच्या कामगिरीवर असताना किंवा तिकडे निघायचा हुकूम असताना पळाला, तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा. एरवी कमाल ७ वर्षं कैद. रजा संपूनही हजर झाला नाही तर कलम ३९, कमाल ३ वर्षं. फरक आहे ना?

माझा चुलतभाऊ २० दिवसांच्या रजेवर आला आणि काकूला अर्धांगाचा झटका आला. घरात दुसरं माणूस नाही. परत गेला ५२ व्या दिवशी. तोवर पोलीस पाटलाच्या दारात कागद आला होता, गावानं ‘भगोडा’ म्हणून टाकलं होतं, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. युनिटनं २८ दिवस आत ठेवलं आणि विषय संपवला. पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला. गावानं मात्र अजून संपवलेला नाही.

निवृत्त_सुभेदार: काकूंचं वाईट वाटलं. पण ते ३२ दिवस तुमच्या भावाची ड्युटी कुणी केली? चौकीवर आठ जण. एक आला नाही की रात्रीची संत्री ड्युटी उरलेल्या सातांच्या बोकांडी. त्यांना काय आया नव्हत्या? माझा बाप गेला तेव्हा मी बर्फात होतो, तेराव्यालासुद्धा पोचलो नाही. एक फोन, एक तार केली असती तर रजा वाढवून मिळते.

आणि ॲक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे फक्त लढाई नव्हे. कलम ९ खाली सरकार अधिसूचना काढून तसं जाहीर करू शकतं. अर्धा कायदा वाचून आम्हाला शिकवू नका.

कृष्णाकाठ: कलम ९ मान्य. फोन केला होता, साहेब. ‘पहले रिपोर्ट करो, फिर देखेंगे.’

टवाळ_कार्टं: सरकारी कॉलेजात एमबीबीएस करून बाँडची, म्हणजे सरकारी दवाखान्यातली सक्तीची नोकरी चुकवून दंड भरून मोकळे झालेले कितीतरी आहेत. त्यांना कुणी भगोडा म्हणत नाही, डॉक्टरसाहेब म्हणतात.

निवृत्त_सुभेदार: हे इथे कशाला?

रश्मी_बेळगाव: पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा असल्या आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटननं २००६ मध्ये माफी दिली. काहींची डोकी तोफांच्या माऱ्यानं कामातून गेली होती. पळाल्याबद्दलचा मृत्युदंड तर त्यांनी १९३० मध्येच काढून टाकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं या गुन्ह्यासाठी एकालाच मारलं, एडी स्लोविकला, जानेवारी १९४५ मध्ये. म्हणून त्यांच्या फौजा ओस पडल्या का?

गडवाट: इंग्रजांचं कौतुक पुरे. महाराजांच्या काळात असल्यांचे हातपाय तोडून चौरंग झाला असता!

रश्मी_बेळगाव: चौरंग रांझ्याच्या पाटलाचा झाला, तोही बदअमल केला म्हणून. सोडून जाण्याचंच म्हणाल तर नेताजी पालकर बघा. १६६६ मध्ये पन्हाळ्याला वेळेवर पोचले नाहीत म्हणून सरनौबती, म्हणजे सेनापतीपद गेलं. ते आदिलशाहीत गेले, तिथून मोगलांकडे. पुढे औरंगजेबानं त्यांचा महंमद कुलीखान केला. आणि १६७६ मध्ये परत आले तेव्हा महाराजांनी शुद्ध करून जवळ घेतलं. कुठे गेला चौरंग?

गडवाट: प्रतिशिवाजी म्हणायचे त्यांना! त्यांना भगोडा म्हणताय? लाज वाटू द्या. तो गनिमी कावा होता, महाराजांनीच पाठवलं होतं.

रश्मी_बेळगाव: भगोडा हा शब्द मी वापरलेला नाही, तुम्ही वापरलात. सभासद बखरीत ‘समयास कैसा पावला नाहीस’ म्हणून कानउघाडणी आहे. गनिमी कावा होता याचा पुरावा द्या.

गडवाट: बखरींवर विश्वास ठेवणारे तुम्ही! मग प्रतापरावांचंही सांगा.

रश्मी_बेळगाव: सांगते की. बहलोलखानाला सोडला म्हणून महाराजांचे बोल लागले आणि १६७४ मध्ये नेसरीला मूठभर स्वारांनिशी जाऊन पडले. हातचा सेनापती गेला. त्यातून स्वराज्याला काय मिळालं?

गडवाट: हुतात्म्यांचा हिशोब मांडता? ॲडमिन झोपलेत का?

निवृत्त_सुभेदार: अहो, विषय काय, चाललंय काय! बरं, चौकात गोळी नको, एवढं मान्य. चौकात उभे राहून ओरडणाऱ्यांनी एक हिवाळा वर काढावा, मग बोलू. पण सात जणांच्या झोपेची किंमत कुणीतरी मोजलीच पाहिजे. मी सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख असतो तर २८ दिवस दिलेच असते.

कृष्णाकाठ: २८ दिवसांबद्दल तो कधीच कुरकुरला नाही. मीही नाही. बोलतोय ते गावाबद्दल.

रश्मी_बेळगाव: गडवाट, पुरावा?

गडवाट: पुस्तक मित्राकडे आहे. उद्या पानाचा फोटो टाकतो.

टवाळ_कार्टं: उद्या म्हणजे उद्याच ना? की ५२ व्या दिवशी?