शब्दचर्चा: खटले वाढले की गुन्हे?

अनुवादिका:
एका साप्ताहिकासाठी अमेरिकेतल्या बंदूक-खटल्यांवरचा लेख मराठीत करते आहे. सोबत एक आलेख आहे. रेघ २००१ नंतर चढते, त्या दशकाच्या मध्याला सगळ्यात उंच जाते, मग दहाएक वर्षं सावकाश उतरते आणि २०१७ पासून पुन्हा वर निघते. खाली मी ओळ टाकली, 'अमेरिकेत बंदुकीचे गुन्हे पुन्हा वाढले'. संपादकांनी 'गुन्हे'वर फुली मारून समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

मूळ शब्द 'प्रॉसिक्यूशन'. शब्दकोशात 'अभियोजन' मिळालं. आईला वाक्य वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "कसलं आयोजन?" म्हणजे हा शब्द बाद. शिवाय 'फेडरल', 'फेलन इन पझेशन' आणि 'स्ट्रॉ पर्चेस' हे तिघं अडून बसलेत. जाणकारांनी हात द्यावा.

निवृत्त शिरस्तेदार:
ताई, फुली बरोबर पडली आहे. आयुष्य जिल्हा न्यायालयात गेलं, तिथे रोज हाच घोळ. पक्षकार म्हणतो, "माझ्यावर केस झाली." आता केस झाली म्हणजे ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कोर्टात खटला उभा राहिला की शिक्षा लागली? तिन्हींना तो 'केस'च म्हणतो. गुन्हा रस्त्यावर घडतो आणि ठाण्यात नोंदला जातो, खटला सरकार पक्ष भरतो, शिक्षा न्यायाधीश देतो. तीन ठिकाणं, तीन आकडे. तुमचा आलेख मधल्या आकड्याचा दिसतो.

'अभियोग', 'अभियोजन' हे शब्द कार्यालयाच्या पाटीवर शोभतात. माणसं 'खटला भरतात', तो 'चालतो', 'रेंगाळतो', 'निकाली निघतो'. एवढी क्रियापदं ज्या शब्दामागे उभी आहेत तो सोडून कुठे जाता? (आमच्याकडे मोठ्या एकत्र कुटुंबालाही 'खटल्याचं घर' म्हणतात. दोन्हीकडे माणसं फार आणि निकाल लवकर लागत नाही. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो.)

रिचमंडकर:
व्हर्जिनियात वीस वर्षं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. शिरस्तेदार म्हणतात ते इथे तर जास्तच लागू आहे. २०२० साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेत खुनांचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी वाढलं. त्याच काळात फेडरल, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारच्या, न्यायालयांत शिक्षेपर्यंत पोचलेली शस्त्र-प्रकरणं मात्र घटली, कारण कोविडमुळे कोर्टं अर्धीमुर्धी चालू होती आणि ग्रँड ज्युरी बसत नव्हत्या. ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं लागतात, त्यांतल्या किमान १२ जणांनी होकार दिल्याशिवाय गंभीर गुन्ह्याचं आरोपपत्र निघत नाही, आणि तेव्हा तेवीस माणसं एका खोलीत कोण बसवणार? तुमची 'गुन्हे'वाली ओळ तशीच छापली असती, तर वाचकाला वाटलं असतं २०२० साल मोठं शांततेत गेलं.

उलटही घडतं. २००१ मध्ये बुश सरकारने 'प्रोजेक्ट सेफ नेबरहुड्स' काढलं, फेडरल सरकारी वकिलांना जादा माणसं आणि पैसा दिला, आणि खटले चढले. रस्त्यावर अचानक बंदुका वाढल्या असं झालं नव्हतं. या रेघेत वॉशिंग्टनची मर्जी, वकिलांचं मनुष्यबळ आणि मग कुठेतरी गुन्हे दिसतात. त्यातून बंदुकीने केलेले खून, दरोडे बहुतेक राज्यांच्या कोर्टांत चालतात. फेडरल न्यायालयात येणाऱ्या शस्त्र-खटल्यांत सगळ्यात जास्त कोण? तर ज्याच्याजवळ बंदूक असायला नको होती आणि सापडली, तो. गोळी झाडलेलीच असते असं नाही.

आणखी एक. इथलं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं. आलेखाखाली लिहाच, नाहीतर आपला वाचक एप्रिल-मार्च धरून बसेल.

मुद्रितशोधक:
खटला मान्य. पण 'फेडरल'चं काय? 'केंद्रीय' हा सरळ शब्द असताना 'संघीय' कशाला? 'केंद्रीय खटले' लिहा, मोकळे व्हा.

रिचमंडकर:
'केंद्रीय' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दिल्ली येते आणि 'तपास सीबीआयकडे वर्ग' हे वाक्य येतं. 'वर्ग' झालं म्हणजे खालच्यांनी हात झटकले. इथे तसं नाही. २०१५ साली अलाबामात मोबिल नावाच्या शहरात एका गाडीचा दिवा नादुरुस्त होता म्हणून पोलिसाने ती थांबवली. गांजाचा वास आला, झडती घेतली, तर भरलेलं ९ मिलिमीटर पिस्तूल निघालं. चालक गँबल याला आधी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली, त्यामुळे त्याला पिस्तूल बाळगायची बंदी. अलाबामा राज्याने खटला भरला, त्याने गुन्हा कबूल केला. मग त्याच पिस्तुलासाठी, त्याच घटनेसाठी फेडरल सरकारने दुसरा खटला भरला. तिथे ४६ महिन्यांची कैद झाली. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल: राज्य हे एक सार्वभौम, फेडरल सरकार हे दुसरं, दोघांचे कायदे वेगळे, म्हणून गुन्हेही दोन. मृदंगासारखा दोन्हीकडून मार.

आता 'केंद्रीय' लिहून हे कळेल का? ज्या व्यवस्थेत केंद्र वर आणि राज्य खाली, तिथला तो शब्द. इथे दोघं शेजारी शेजारी उभे आहेत.

निवृत्त शिरस्तेदार:
हे वाचून मी दचकलो. आपल्याकडे घटनेचं कलम २०(२) आहे, एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही. तेव्हा 'केंद्रीय' नकोच. 'संघीय' चालेल, पण तो वाचकाला आरएसएसकडे नेतो. माझं मत 'फेडरल'ला. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत समजावा आणि पुढे चला.

सरकारी वकिलांबद्दलही सावध राहा. तिथे दोन जातीचे असतात असं ऐकतो.

रिचमंडकर:
हो. काउंटीचा 'डिस्ट्रिक्ट ॲटर्नी' बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो. 'यू. एस. ॲटर्नी' राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट संमती देते. असे ९३ जण साऱ्या देशाला पुरतात. मराठी बातम्यांत दोघांनाही 'जिल्हा वकील' करून टाकतात. राष्ट्राध्यक्ष बदलला की हे ९३ बहुतेक बदलतात, आणि तुमच्या आलेखातली वळणं तिथेच येतात. त्यामुळे 'फेडरल सरकारी वकील' आणि 'निवडून आलेला जिल्हा सरकारी वकील' असं फोडून लिहा.

अनुवादिका:
'फेडरल' घेतला. आता 'फेलन इन पझेशन'. मी 'सराईत गुन्हेगाराकडे बंदूक सापडणे' असं केलंय.

निवृत्त शिरस्तेदार:
'सराईत' खोडा. सराईत म्हणजे ज्याचा हातखंडा आहे तो, ज्याला हवालदार नावाने ओळखतो. तिथे बंदी यायला एकदा झालेली शिक्षा पुरते ना?

रिचमंडकर:
पुरते. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट, कलम ९२२(जी). एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलात की बंदी. प्रत्यक्षात किती भोगली याला महत्त्व नाही. कमाल शिक्षा आधी १० वर्षं होती, जून २०२२ च्या कायद्याने १५ केली. तुमचा 'सराईत' खरा लागू होतो तो १९८४ च्या एका कायद्याला: हिंसक किंवा अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांत आधी तीनदा दोषी ठरलेल्याकडे बंदूक सापडली, तर कमीत कमी १५ वर्षं.

मुद्रितशोधक:
मग 'पूर्वी शिक्षा झालेल्याने शस्त्र बाळगणे'. लांब आहे, पण खरं आहे. आणि 'सापडणे' नको, 'बाळगणे'च हवं. 'सापडली' बंदूक, 'बाळगली' माणसाने. या क्रियापदावर माझा भारी जीव. आपण भीती बाळगतो, आशा बाळगतो, अभिमान बाळगतो, कोणी लाज बाळगत नाही म्हणून ओरडतो. पैसे ठेवतो, भांडी ठेवतो, पण शस्त्र बाळगतो. संजय दत्तच्या वेळी सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत हाच शब्द होता. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात तो कटातून सुटला, पण शस्त्र बाळगल्याबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरणं कायम ठेवलं आणि सहा वर्षांची शिक्षा पाचवर आणली. 'ठेवल्याबद्दल' कोणी लिहिलं नाही. बाळगण्यात मनाने जवळ करणं येतं. नकळत कोणी आशा बाळगत नाही.

रिचमंडकर:
वा! अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाला यासाठी २०१९ साल उजाडलं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढलं, त्यामुळे व्हिसा संपला. तो गोळीबाराच्या सरावकेंद्रात गेला आणि पकडला गेला, कारण बेकायदा राहणाऱ्यालाही ९२२(जी)ची बंदी आहे. न्यायालय म्हणालं, बंदूक हातात आहे हे ठाऊक असणं पुरेसं नाही. आपण बंदी असलेल्यांपैकी आहोत हेही त्याला ठाऊक होतं, हे सरकार पक्षाने सिद्ध करावं. 'रेहाइफ' निकाल म्हणतात त्याला. त्यानंतर कितीतरी जुन्या शिक्षांना आव्हानं आली.

ओघात आलं म्हणून सांगतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेली आपली मुलं शनिवारी मजा म्हणून अशा केंद्रात जातात आणि तिथलं भाड्याचं पिस्तूल हातात घेतलेला फोटो टाकतात. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसालाही शस्त्र बाळगायला बंदीच आहे. शिकारीचा वैध परवाना आणि असेच थोडे अपवाद. भाड्याचं म्हणजे 'माझं नाही', हा युक्तिवाद चालत नाही. मालकी वेगळी, बाळगणं वेगळं. मराठीत निदान हे शब्द तरी वेगळे आहेत.

एक नुसताच वाचणारा:
'बंदूक' हा शब्द तरी पुरतो का? 'फायरआर्म'ला आपल्या कायद्याच्या मराठीत 'अग्निशस्त्र' आहे. ते वाचलं की मला अर्जुन दिसतो.

रिचमंडकर:
नाही पुरत. इथल्या कायद्यात सायलेन्सरसुद्धा 'फायरआर्म'मध्ये मोजला जातो. आणि हल्ली ज्याचे खटले बरेच ऐकू येतात तो 'स्विच' म्हणजे नाण्याएवढा तुकडा. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बसवला की घोडा दाबून ठेवला तोवर गोळ्या सुटत राहतात. तो तुकडा एकटा खिशात सापडला तरी कायद्याने ती 'मशिनगन'. बनवून विकायलाच नव्हे, बाळगायलाही १९८६ पासून बंदी. याला मराठीत 'बंदूक' म्हणाल?

मुद्रितशोधक:
'शस्त्र' लिहा. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. पिस्तूल हातात राहतं आणि गोळी जाते, तेव्हा ते दोन्ही आहे, पण हा वाद नंतर. 'शस्त्र-खटले' सुटसुटीत आहे. आणि 'घोडा दाबला' असंच ठेवा, 'ट्रिगर' नको. फक्त मुंबईच्या वाचकाला 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल वाटेल, तेवढं वाक्य सांभाळा.

निवृत्त शिरस्तेदार:
अहो, आणि हे खटले ज्यांच्याकडून येतात त्या फेडरल खात्याच्या नावाचं, 'एटीएफ'चं, मराठी कोणी करू नका. अल्कोहोल, टोबॅको, फायरआर्म्स अँड एक्स्प्लोझिव्ह्ज. नातवाने प्रयत्न केला: 'दारू, तंबाखू, शस्त्रे व दारू विभाग'. पहिली प्यायची, दुसरी उडवायची. चूक तरी कशी म्हणू? दारूगोळा आहे, शोभेची दारू आहे. फारसीत तर दारू म्हणजे औषध.

अनुवादिका:
हसून पुरेवाट. 'एटीएफ' तसंच ठेवते. राहिला 'स्ट्रॉ पर्चेस'. मी 'डमी गिऱ्हाईक' ठरवलं होतं.

निवृत्त शिरस्तेदार:
डमी किंवा बनावट गिऱ्हाईक पोलीस पाठवतात, छापा घालायच्या आधी. एकदम उलटा अर्थ. तुम्हाला 'बेनामी' पाहिजे. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं. जमिनीच्या व्यवहारांमुळे खेड्यातल्या माणसालाही 'बेनामी खरेदी' लगेच कळते.

रिचमंडकर:
चपखल. दुकानात '४४७३' नावाचा फॉर्म भरतात, त्यात विचारतात की बंदूक घेणारे खरे तुम्हीच का. खोटं लिहिलं की गुन्हा. २०२२ पर्यंत बेनामी खरेदीला स्वतःचं कलमच नव्हतं, या फॉर्मवरच्या खोट्यावरूनच खटले भरत. त्या वर्षीच्या कायद्याने तिला थेट गुन्हा केलं, एरवी कमाल १५ वर्षं.

बेनामी म्हटलं की काळंबेरं वाटतं, पण २०१४ चा अब्राम्स्की निकाल वाचा. व्हर्जिनियातला माजी पोलीस. पोलिसांना मिळणारी सवलत घेऊन त्याने पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या 'अंकल'साठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. अंकलने ४०० डॉलरचा धनादेश आधीच पाठवलेला. अंकलला स्वतःला बंदूक घ्यायला कायद्याची काही आडकाठी नव्हती. तरी फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' लिहिलं, म्हणून दोषी. ५ विरुद्ध ४.

अनुवादिका:
हे उदाहरण लेखात आहेच आणि माझी खरी अडचण आता कळेल. अंकल म्हणजे काका की मामा?

मुद्रितशोधक:
इंग्रजी निकालपत्राला याची गरजच पडली नाही! आडनावं वेगळी आहेत का?

रिचमंडकर:
वेगळी आहेत. पण तेवढ्यावरून मामाच, असं कसं म्हणणार? आत्याचे यजमान असू शकतात, मावशीचे असू शकतात.

निवृत्त शिरस्तेदार:
'एका वडीलधाऱ्या नातेवाइकासाठी' लिहा. कोर्टात सिद्ध न झालेलं नातं आपण लावू नये.

अनुवादिका:
आलेखाखाली आता अशी ओळ केली आहे: 'फेडरल न्यायालयांत भरलेले शस्त्र-खटले. वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. गुन्ह्यांची संख्या नव्हे.' नातेवाइकाचं मात्र मन मानत नाही, गोष्टीतली गंमतच जाते. काका की मामा, कोणाला नक्की ठाऊक असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. पान उद्या दुपारी सुटतंय.